मला प्रतिकारशक्ती वाढवायची नाही

सुरुवातीलाच सांगून टाकते, हे वाचून कुणाला उभारी येणार नाही. मला ल्युपस होऊन चार वर्षं झाली. या चार वर्षांत मला उभारी द्यायला आलेली माणसं इतकी भेटली की त्यातल्या अर्ध्यांना दारातूनच परत पाठवायला हवं होतं. ‘पॉझिटिव्ह राहा’ म्हणणारी, गुरुवार धरायला सांगणारी, आपल्या मावसभावाच्या सासूला हेच झालं होतं आणि ती आता ठणठणीत आहे म्हणणारी. ती मावसभावाची सासू मला अजून भेटायची आहे.

मी लिहितेय ते दोन कारणांसाठी. ज्यांच्या हातात हा रिपोर्ट नुकताच पडलाय, त्यांना कुणीतरी सरळ बोलणारं हवं असतं, हे एक. दुसरं म्हणजे मी एक गोष्ट केली. ती घरच्यांसमोर कबूल करून झाली आहे, इथेही करायची आहे.

उन्हात बसा

भाईंदर पूर्वेच्या एका शाळेत मी खो-खो शिकवायचे. सासर खारी गावातलं. आमचं जुनं घर आणि चारी बाजूंनी बिल्डिंगा. मी, शीतल, मूळची लालबागची, लग्नाआधी आईवडील मीरा रोडला आले म्हणून इकडची झाले. नवरा निलेश, मुलगी ओवी. ओवी तेव्हा पाच वर्षांची होती.

आधी बोटं धरली. सकाळी ओवीच्या डब्याचं झाकण उघडेना. मग ताप यायला लागला, थोडा थोडा, रोज संध्याकाळी. मग केस. मग असा थकवा, की मैदानावर शिट्टी वाजवायला श्वास गोळा करावा लागायचा. जवळच्या एका दवाखान्यात आधी व्हायरल म्हणाले, मग डेंग्यूनंतरचा अशक्तपणा म्हणाले. डेंग्यू मला झालाच नव्हता. शेवटी व्हिटॅमिन डी कमी निघालं आणि डॉक्टर खूश झाले.

“रोज सकाळी वीस मिनिटं उन्हात बसा,” ते म्हणाले. “आणि जरा ॲक्टिव्ह राहा.”

मी दिवसाचे चार तास मैदानात उभी असायचे. तरी मी बसले. गच्चीवर चटई टाकून, तोंड वर करून, महिनाभर. चेहऱ्यावर दोन्ही गालांवर लाल चट्टा आला, नाकावरून जोडलेला. समोरच्या बिल्डिंगमधल्या भाभी म्हणाल्या, “क्या ग्लो आया है!”

महिन्याभराने मी असेंब्लीत कोसळले, तेव्हा आमच्या शाळेतल्या एका पालकांनी मुंबईतल्या एका मोठ्या हॉस्पिटलमधल्या संधिवाताच्या डॉक्टरबाईंचं नाव दिलं.

डॉक्टरबाई

त्यांनी रिपोर्ट बघायच्या आधी माझे गाल बघितले आणि म्हणाल्या, “किती दिवस फिरताय अशा?”

आठ महिने, मी म्हटलं.

ल्युपस हा शब्द मी तिथे पहिल्यांदा ऐकला. निलेशने तिथल्या तिथे फोनवर शोधायला सुरुवात केली. बाईंनी त्याला फोन ठेवायला लावला.

“फ्लू झाला की अंग दुखतं, ताप येतो, उठवत नाही,” त्या म्हणाल्या. “आपल्याला वाटतं, हे सगळं विषाणू करतो. पण त्यातलं बरंचसं आपल्याच शरीरातली प्रोटीन करतात. पेशी एकमेकींना निरोप पाठवायला प्रोटीन सोडतात. इंटरफेरॉन त्यातलंच एक. विषाणू आलाय, तयारीला लागा, हा त्याचा निरोप. विषाणू गेला की निरोप थांबायला हवा. तुमच्यात विषाणू नाहीच, आणि निरोप थांबतच नाहीये.”

“पण मग सुरू कशाने झाला?”

“पेशी मरतात, त्यांचा कचरा रोजच्या रोज साफ व्हायला हवा. तुमच्यात तो राहतो, आणि शरीराला तो विषाणूसारखा दिसतो. मग निरोप सुटतात, अँटिबॉडी तयार होतात आणि तुमच्याच सांध्यांवर, कातडीवर जाऊन बसतात. उन्हाने कातडीच्या पेशी जास्त मरतात. म्हणून ऊन वाईट.”

“मला उन्हात बसायला सांगितलं होतं.”

त्यांनी पेन थांबवलं. मग पुन्हा लिहायला लागल्या. डॉक्टर डॉक्टरबद्दल बोलत नाहीत, हे मला तेव्हा कळलं.

“म्हणजे हिची इम्युनिटी कमी झालीय,” निलेश म्हणाला.

“नाही. कमी नाही. नको तिथे आणि नको तेवढी चालू आहे. तिला खाली आणायचंय.”

त्या दिवशी मी रडले नाही. मला खरं तर बरं वाटलं. आठ महिने मला वाटत होतं की मी आळशी झालेय, की माझं डोकं फिरलंय. आता माझ्या थकव्यामागे एक पदार्थ होता. तो रक्तात होता, त्याला नाव होतं.

हॉस्पिटलच्या बाहेर रिक्षाची वाट बघताना निलेश म्हणाला, “म्हणजे तू नाटक करत नव्हतीस.”

त्याला सुटल्यासारखं वाटलं म्हणून बोलला. चांगल्या मनाने बोलला. मी ते अजून विसरलेले नाही.

चेहरा

दोन गोळ्या मिळाल्या. एक छोटी, रोजची, ती निरोपांचा गोंधळ हळूहळू कमी करणार होती. दुसरी स्टिरॉइड. स्टिरॉइडने दहा दिवसांत बोटं मिटायला लागली. मी ओवीची वेणी घातली. त्या दिवशी मला वाटलं, जिंकले.

मग माझा चेहरा गेला. फुगला, गोल झाला, हनुवटी नाहीशी झाली. भूक अशी, की भाताचं पातेलं रिकामं करून मी वर चपाती शोधायचे. माझ्या टीममधली एक मुलगी प्रेमाने म्हणाली, “टीचर, तुम्ही किती क्यूट झालात!” प्रिन्सिपलनी मला मैदानावरून काढून लायब्ररीत बसवलं. काळजीपोटी. जाताना म्हणाले, “आराम भी हो जाएगा.” खिडकीतून मला माझी पोरं नव्या सरांकडून खांबाशी चुकीचा पोल मारायला शिकताना दिसायची.

वर्षभराने शाळेचा ग्रुप फोटो आला. ओवीने बोट ठेवून विचारलं, “मम्मी, तू कुठेय यात?”

मी त्यात पहिल्या रांगेत बसले होते.

दुसऱ्या दिवसापासून मी गोळ्या बंद केल्या. दोन्ही. कुणाला सांगितलं नाही. निलेश गोळी हातावर ठेवायचा, मी पाण्याबरोबर घेतल्यासारखं करायचे आणि मोरीत टाकायचे. पहिले काही दिवस चक्कर आली, अंग ठणकलं. मग ओसरलं. पुढचे सहा-सात आठवडे माझे गेल्या दोन वर्षांतले सगळ्यात चांगले. चेहरा उतरायला लागला. मी आरशात बघून म्हणायचे, यांनीच मला आजारी ठेवलं होतं.

काढा

आता वन्संबद्दल. माझी नणंद भारती निलेशपेक्षा पंधरा वर्षांनी मोठी. सासूबाई लवकर गेल्या, निलेशला वन्संनीच वाढवलं. तो त्यांना बाय म्हणतो. त्या जवळच्याच राई गावात दिलेल्या. भाताची खाचरं गेली, आता अंगणात भाजी लावतात, आणि दुसऱ्यांच्या आयुष्यात लक्ष घालतात. कोविडमध्ये त्यांच्या कानावर इम्युनिटी हा शब्द पडला आणि तो त्यांनी धरून ठेवला.

“तुजी इम्युनिटी कमी हाय गो,” त्या पहिल्या दिवसापासून म्हणायच्या. “त्या स्टिरॉइडनी मानूस पोकल होतो. मी देते ता घे.”

“कमी नाहीये वन्सं. जास्त आहे.”

“जास्त असती तर तू अशी पडली असतीस?”

खरं सांगायचं तर मलाही ते पटत होतं. मी गोळ्या सोडल्या त्याच सुमारास त्यांनी गुळवेलीचा काढा पाठवायला सुरुवात केली. बाटलीवर बाटली. मी घ्यायला लागले. मला बरं वाटत होतं ना, मग श्रेय काढ्याला. वन्सं सगळ्या भावकीत सांगत सुटल्या, शीतलला मी उठवली.

मग एका सोमवारी माझ्या पायात चप्पल जाईना.

पाय सुजले होते. दाबलं की खड्डा पडायचा आणि तसाच राहायचा. लघवीला फेस, साबण टाकल्यासारखा. डोळे उघडता येईनात इतका चेहरा सुजला. डॉक्टरबाईंनी लघवीचा रिपोर्ट बघितला आणि आम्हाला घरी जाऊ दिलं नाही.

वॉर्ड

किडनी. त्याच अँटिबॉडी आता किडनीच्या गाळणीत जाऊन बसल्या होत्या. पाठीतून सुई घालून तुकडा काढला. त्यानंतर सहा तास हलायचं नाही. पंख्याची पाती मोजायची, ती तीनच असतात.

वॉर्डात पहाटे रक्त घेतात. माझ्या शिरा सापडायच्या नाहीत. एक सिस्टर पाच वेळा टोचून मला म्हणायची, “हात सैल सोडा, तुम्हीच घट्ट करता.” दिवसभराची लघवी पाच लिटरच्या कॅनमध्ये जमा करायची, कॅनवर नाव लिहिलेलं. भेटायला आलेला माणूस आधी तो कॅन बघतो, मग तुमच्याकडे बघतो. जेवणात मीठ नाही. स्टिरॉइड पुन्हा सुरू, या वेळी सलाइनमधून, तीन दिवस. म्हणजे चेहऱ्याचं काय झालं ते लिहायला नको.

एका मावशींनी मात्र, सफाईच्या, कुणी न सांगता माझी खाट खिडकीपासून ओढून भिंतीला लावली. म्हणाल्या, “तुमच्या आजाराची एक पोरगी आधी होती इथं. उन्हाला रडायची.” एवढंच. त्यांचं नावही मी विचारलं नाही. तेव्हा मी कुणाशीच नीट बोलत नव्हते.

खोटं

भरती झाल्याच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाई खाटेशी आल्या. निलेश शेजारी उभा होता.

“गोळ्या नियमित चालू होत्या?”

“हो,” मी म्हटलं.

“एकही दिवस चुकला नाही?”

“मी स्वतः देतो मॅडम,” निलेश म्हणाला.

“बाकी काही? आयुर्वेदिक, पावडर, काढा?”

निलेशने माझ्याकडे बघितलं आणि सांगितलं, गुळवेल.

बाईंच्या कपाळावर आठी आली. “प्रतिकारशक्ती चाळवणारं काहीही या आजारात नको, हे मी सांगितलं होतं.”

त्या गेल्या. निलेश बाहेर गेला आणि त्याने पॅसेजमधूनच वन्संना फोन लावला. मला सगळं ऐकू आलं. आख्ख्या वॉर्डाला ऐकू आलं. “तुझ्यामुळे हिची किडनी गेली, बाय. पुन्हा माझ्या घरात पाऊल टाकू नकोस.” ज्या बाईने त्याला भरवून मोठं केलं, तिला. मी खाटेवर पडून ऐकलं आणि गप्प राहिले. एवढंच नाही, मला थोडं बरंही वाटलं. दोन वर्षं सगळे मला शिकवत होते. आता कुणीतरी दुसरं चुकलं होतं.

तरी वन्सं दुसऱ्या दिवशी आल्या. भेटीच्या वेळेत, निलेश कामावर असताना. अळणी पेज घेऊन. स्टुलावर बसल्या, डबा मांडीवर ठेवला.

“माज्यामुले झालं का गो?”

मी भिंतीकडे तोंड केलं आणि म्हटलं, “हो.”

त्या पेज ठेवून गेल्या. ती मी खाल्ली नाही.

त्यानंतरच्या दिवशी बायोप्सीचा रिपोर्ट आला. बाई एकट्या आल्या, खुर्ची ओढून बसल्या. बसून बोलणारा डॉक्टर म्हणजे बातमी वाईट, एवढं मी शिकले होते.

“नियमित गोळ्या घेऊनही आजार किडनीत उतरलाय,” त्या म्हणाल्या. “म्हणजे त्या गोळ्या तुम्हाला पुरत नाहीत. मला पुढचं, जास्त कडक औषध द्यायचा विचार करावा लागेल. कॅन्सरला वापरतात त्यातलं. त्याने पाळी कायमची बंद पडू शकते. तुम्हाला दुसरं मूल हवं असेल तर आत्ताच बोलू.”

मला दुसरं मूल हवं होतं. ते मी निलेशलाही अजून बोलले नव्हते.

माझ्या एका ‘हो’वर त्या हा हिशेब मांडत होत्या. मी म्हटलं, “मी गोळ्या घेत नव्हते.”

“किती दिवस?”

“साडेतीन महिने. दोन्ही.”

मला वाटलं ओरडतील. त्यांनी कागद उलटा करून मांडीवर ठेवला.

“सुरुवातीला बरं वाटलं असेल,” त्या म्हणाल्या. “ती छोटी गोळी अंगातून जायला कित्येक आठवडे लागतात. तोवर ती काम करत होती. तुम्हाला वाटलं, तिच्याशिवाय बऱ्या आहात. ती संपली, आणि निरोप पुन्हा सुटले. आणि स्टिरॉइड असं एकदम बंद केलंत, त्यात जीव जाऊ शकतो.”

“आणि काढा?”

“काढ्याने भर घातली असेल किंवा नसेल. मला नक्की सांगता येणार नाही. गोळ्या सोडल्यावर काय होतं, ते मात्र नक्की सांगता येतं.” त्या उठल्या. “औषध बदलते. हे दुसरं घेऊन बघू, त्याने पाळी जात नाही. ते चालू असताना मूल मात्र नाही. पुढचं पुढे. घरी सांगा.”

“तुम्ही सांगणार का?”

“ते माझं काम नाही.”

गौरी

मी घरी सांगितलं नाही. सोळा दिवसांनी सुटले, तरी नाही. नव्या औषधाने उलट्या व्हायच्या, पण फेस कमी झाला, पाय उतरले. निलेश आता गोळी तोंडात टाकेपर्यंत हलायचा नाही. तो माझ्यासाठी बहिणीशी भांडला होता, आणि ते तो मला रोज न बोलता दाखवायचा. मी जितकी गप्प राहत गेले, तितकं सांगणं अवघड होत गेलं.

भादव्यात गौरी आल्या. आमच्याकडे गौरीला वन्सं आल्याशिवाय काही हलत नाही. दरवर्षी त्याच गौरीला साडी नेसवतात, त्याच नैवेद्य ठरवतात, आणि दोन दिवस माझ्या प्रत्येक कामात खोड काढतात. त्या वर्षी निलेशने त्यांना बोलावलं नाही. भावकीतल्या बायका आल्या, गौरीची साडी कुणालाच जमेना. एकजण म्हणाली, “भारतीनं तर हिला मारलंच असतं.” दुसरी म्हणाली, “आदीपासून शानी हाय ती.”

मी पाटावर बसले होते. ओवीने माझ्याकडे बघून विचारलं, “आत्या वाईट आहे?”

मी “नाही” म्हटलं, पण इतकं हळू, की तिने पुन्हा विचारलं.

गौरीचं विसर्जन झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पूर्ण बाह्यांचा ड्रेस घातला, टोपी, छत्री घेतली, आणि उत्तनच्या बसने राईला गेले.

राई

वन्सं अंगणात होत्या, दुधी काढत होत्या. मला बघून उठल्या नाहीत.

“काय काम हाय?”

मी ओट्याच्या कडेला बसले आणि एका दमात सांगून टाकलं. फोटो, मोरी, साडेतीन महिने. डॉक्टरबाई काय म्हणाल्या ते. मला आधीपासून माहीत होतं, ते. वॉर्डात त्यांच्याच तोंडावर ‘हो’ म्हटलं तेव्हाही माहीत होतं, ते.

त्या विळ्याची मूठ पुसत राहिल्या.

“तीन महिने जाले,” त्या म्हणाल्या. “मी रोज झोपताना बोलते, मी पोरीला मारत होते. माजे हातनं पानी प्यायला शेजारीन कचरते. आनि तुला ठाव होतं.”

“हो.”

“निलेशला सांगितलंस?”

“नाही.”

“मंग मना कशाला सांगतेस? मी तर आधीच गुनेगार हाय. त्याला सांग.”

“घरी गेल्यावर सांगते.”

“आता. माज्यासमोर.”

मी फोन लावला. त्या म्हणाल्या, आवाज मोठा कर. निलेश ऑफिसात होता. मी पुन्हा सगळं सांगितलं, या वेळी जास्त वाईट शब्दांत, कारण वन्सं ऐकत होत्या आणि मला कुठेही कमी करून सांगता येत नव्हतं. मग तो म्हणाला, “बाय आहे तिथे?”

“हाय,” वन्सं म्हणाल्या.

तो रडायला लागला. ऑफिसात, चारचौघांत. वन्संनी माझ्या हातातून फोन घेतला, स्पीकर बंद केला, आणि आत निघून गेल्या. अर्धा तास मी ओट्यावर होते. आतून मधेच त्यांचा आवाज यायचा, शब्द कळायचे नाहीत. मग त्या बाहेर आल्या आणि फोन माझ्या मांडीवर टाकला.

“चाय विचारनार न्हाय मी तुला,” त्या म्हणाल्या. “जा आता. बस येल.”

सध्या

त्याला वर्ष होऊन गेलं. लघवीतलं प्रोटीन आता नावापुरतं उरलंय. चेहरा बराचसा परत आलाय. मी लायब्ररीतच आहे. मैदानावर जात नाही, त्याचा राग येतो, आणि तो जाईल असं मला वाटत नाही. दुसऱ्या मुलाबद्दल बाई म्हणतात, अजून थांबा, मग औषध बदलून बघू. निलेश आणि मी बोलतो. पण मी “घेतली” म्हटलं की तो क्षणभर माझ्याकडे बघतो, आणि तो क्षण मीच तयार केलाय.

वन्संनी मला माफ केलेलं नाही. या वर्षी गौरीला आल्या, साडी नेसवली, माझ्या पुरणाला नावं ठेवली. त्याआधी एकदा माझ्या तपासणीला हॉस्पिटलमध्येही आल्या होत्या, मी बोलावलेलं नसताना. आत शिरून बाईंना म्हणाल्या, “हिच्या अंगात ती इम्युनिटी जास्त हाय का कमी, ता एकदा माज्या तोंडावर सांगा.” बाईंनी सगळं पुन्हा पहिल्यापासून समजावलं. वन्संनी मन लावून ऐकलं आणि विचारलं, “मंग गोली एक दिस चुकली तर निरोप सुटतो?” “एका दिवसाने नाही, पण चुकवू नका,” बाई म्हणाल्या. वन्संनी फक्त शेवटचं ऐकलं.

तेव्हापासून रोज सकाळी नऊला त्यांचा व्हिडिओ कॉल येतो. नमस्कार नाही, कशी आहेस नाही.

“दाखव.”

मी गोळी दाखवते.

“टाक.”

मी टाकते, पाणी पिते.

“आ कर.”

मी पस्तीस वर्षांची आहे, शाळेत नोकरी करते, एका मुलीची आई आहे. रोज माझं डोकं सणकतं. मी तोंड उघडते, जीभ वर करून दाखवते, खाली करून दाखवते. त्या चष्मा पुढे करून नीट बघतात, आणि फोन कट करतात.